कालचं आजच्या पोटात

माझे दाजी पाय बनवायचे. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेली माणसं त्यांच्या कारखान्यात कुबड्यांवर यायची आणि काही आठवड्यांनी कुबड्या काखेत मारून बाहेर पडायची. कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, कारण मुळात ते सुतार. खुर्च्या-टेबलं करता करता एकदा कोणा शेजाऱ्यासाठी त्यांनी लाकडी पाय करून दिला. तो कारखान्याच्या साहेबांच्या नजरेला पडला आणि त्यांनी हा माणूस उचलून आणला तो कायमचा.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मला हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहा यायच्या आत आमच्या दाराची बिजागरी खोलून बसले. आई ट्रे घेऊन आली तर होणारा जावई जमिनीवर मांडी घालून तोंडात स्क्रू धरून बसलेला. मी ताईला आत नेऊन सांगितलं, या माणसाशी लग्न केलंस तर जन्मभर घरात भुसा झाडत बसशील. ताई लाजली. कारखान्यात पुढे तिलाही काम मिळालं, पायांना लागणारे चामड्याचे पट्टे शिवायचं. दाजींचं टेबल आणि तिची शिलाई मशीन अगदी शेजारी शेजारी. दिवसभर एकमेकांसमोर आणि घरी आल्यावरही तेच, तरी त्यांचं बोलणं संपत नसे. मला हे कोडं कधी सुटलं नाही.

मी एकटी राहते आणि कॉम्प्युटर दुरुस्त करते. लोक मला बोलावतात आणि मी पोचेपर्यंत यंत्रावर जमतील तेवढे प्रयोग करून ठेवतात. मग चेहरा पाडून म्हणतात, आम्ही काहीच केलं नाही हो. एकाने तर कॉम्प्युटर गरम होतो म्हणून त्यावर ओला पंचा ठेवला होता. म्हणून माझी जीभ जरा तिखट झालीय, असं ताई म्हणते. दाजींना मात्र माझ्या तिखटपणाची मजा वाटायची. "आल्या मेहुणीबाई, सगळ्यांनी हात वर करा," अशी त्यांची नेहमीची सलामी.

पूर्वी दाजी माप घ्यायचे ते प्लास्टर लावून. उरलेल्या पायाला, म्हणजे खुंटाला, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या वाळल्या की साचा काढायचा आणि त्यावरून वाटी घडवायची. वाटी म्हणजे नव्या पायाचा वरचा भाग, ज्यात खुंट बसतो. सगळा पाय त्या वाटीवर. ती जरा जरी चुकली तर माणूस रक्तबंबाळ होतो. दाजी आधी हात कोमट पाण्यात बुडवत, मग खुंटाला लावत. "आधीच बिचाऱ्याला धक्का बसलेला, त्यात गार हात कशाला," म्हणत. मग यंत्र आलं. खुंटाची मापं कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि यंत्र आपोआप फोमच्या ठोकळ्यातून साचा कापून देणार. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब म्हणाले शिकावं लागेल, तेव्हा हा बाप्या वहीपेन घेऊन माझ्या दुकानात येऊन बसला. माऊस असा धरायचे जणू रंधाच मारतायत. पण शिकले.

काम सांभाळून ठेवायची पद्धत मात्र त्यांनी स्वतःची काढली आणि ती मला पुष्कळ वर्षं कळलीच नाही. ती कळली त्या दिवशी.

साहेब थकले होते आणि कारखाना आता त्यांची मुलगी बघत होती. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणत. बाई कामाला चोख, बोलायला तुटक. तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला निरोप पाठवला की जुन्यातलं सगळं नव्यात घालून जुना रिकामा करून द्या. एक फोल्डर आहे, ते काही केल्या हलत नाही, कॉपी होत नाही आणि पुसूही देत नाही.

सुट्टीचा दिवस पाहून गेले. कारखाना बंद असला की तिथे मला नेहमी कसंतरी होतं. एका भिंतीला पायच पाय टांगलेले, लहान मुलांचे, मोठ्यांचे, कुठे बूट घातलेला, कुठे नुसतीच नळी. मधोमध चालायचा सराव करायच्या दोन दांड्या आणि समोर जमिनीपर्यंत आरसा. सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. दाजी आणि ताई दोघंही आले होते. दाजींनी कुलूप उघडलं, मग खिशात किल्ल्या चाचपत राहिले. किल्ल्या कुलपालाच लटकत होत्या. मी म्हटलं, "दाजी, म्हातारे झालात." ते हसले. ताई हसली नाही, पण तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर एकच फोल्डर. नाव, 'आजचं'. पुसायला गेले तर यंत्र म्हणालं, आतलं नाव फार लांब आहे, पुसता येत नाही. मी म्हटलं, नाव तर तीन अक्षरांचं. उघडलं. आत एकच फोल्डर, 'आजचं'. ते उघडलं. त्यातही 'आजचं'.

"दाजी, हे काय आहे?"

"पद्धत आहे," दाजी खुर्ची ओढून ऐटीत बसले. "सकाळी आलो की नवं फोल्डर करायचं. कालचं उचलून त्याच्या पोटात टाकायचं. नव्याला नाव द्यायचं आजचं. झालं. बाहेर एकच राहतं. पसारा नाही."

"रोज?"

"रोज."

"यंत्र आलं तेव्हापासून?"

"मग काय तर! सुताराची पेटी असते तशी. कालचं बाहेर ठेवलं की कोणीतरी हलवतं. आजच्या पोटात ठेवलं तर कोण हलवणार?"

मी कपाळाला हात लावला. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक वस्तूचा एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात बाहेरच्या प्रत्येक खोलीचं नाव धरावं लागतं. या माणसाने वर्षानुवर्षं खोलीत खोली, खोलीत खोली बांधत नेली होती. तळाशी पडलेल्या कामाचा पत्ता इतका लांबला की यंत्राला तो वाचताच येईना. जिथे जाता येत नाही ते पुसणार कसं? जगात इतके लोक कॉम्प्युटर वापरतात, पण हे सुचायला आमचेच दाजी हवेत.

"मेहुणीबाई खूश दिसतायत," दाजी ताईला म्हणाले.

"खूश! तुमच्या पद्धतीची पूजा बांधते आता," मी म्हटलं. असलं गाठोडं एका झटक्यात पुसायच्या युक्त्या मला येतात. पण आत पेशंटची मापं होती आणि ती आधी बाहेर काढायला हवी होती. म्हणजे एकेक थर उघडायचा, त्यातलं काम बाजूला काढायचं, मग मधलंच एखादं फोल्डर कापून थेट वर आणायचं म्हणजे पत्ता आखूड होतो, आणि पुन्हा पुढे. कांदा सोलत बसावं तसं काम. मी बाह्या सरसावल्या.

बाहेरचे थर सगळे रिकामे निघाले. आजचं, आत आजचं, आत आजचं, काम कशातच नाही. मला वाटलं यांच्या बोटाने दोनदा दाबलं गेलं असेल. पण किती वेळा? फोल्डर कधी तयार झालं ते यंत्र सांगतं. मी बघितलं. सकाळी कारखाना उघडल्यावर तासाभराने. त्याच्या आतलं, त्याच्या थोडी मिनिटं आधीचं. पुढचं, आणखी थोडी मिनिटं आधीचं. सगळी एकाच सकाळची. मग एखाद्यात एक माप सापडायचं आणि पुन्हा रिकाम्यांची रांग.

मी आत आत जात राहिले. दाजी कंटाळून बाहेर व्हरांड्यात पाय मोकळे करायला गेले. जसजशी आत गेले तसतशी रिकामी फोल्डरं कमी होत गेली. मग कधीतरी ती संपलीच. तिथून आत सगळं सुतासारखं सरळ. एका दिवसाचं एक फोल्डर, आत त्या दिवसाचं काम, प्रत्येक पेशंटचं माप जागच्या जागी. सुट्टीचे दिवस तेवढे वगळलेले. बरीच वर्षं कुठे एक चूक नाही.

मग माझ्या लक्षात आलं. बोटाने दोनदा दाबलं जाणं वेगळं. इथे एक माणूस सकाळी येत होता, नवा दिवस उघडत होता, आणि थोड्या वेळाने आपण तो उघडलाय हेच विसरून पुन्हा नवा दिवस उघडत होता. आधी आठवड्यातून एखादवेळी. मग रोज. मग एकाच सकाळी पुन्हा पुन्हा.

मी मान वळवली. ताई माझ्या पाठीमागे उभी होती आणि पडद्याकडे बघत होती. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझा चेहरा तिला लहानपणापासून वाचता येतो.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

तिने व्हरांड्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू फक्त काढून टाक ते. विचारू नकोस."

"ताई, कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून. आधी चष्मा, किल्ल्या. मग एकदा घरी येताना रस्ताच चुकले. मला म्हणाले, गप्पांच्या नादात वळण राहिलं. गप्पा काय डोंबलाच्या, आम्ही दोघं मुकाट चालत होतो." ती माझ्या शेजारी स्टुलावर टेकली. "मी सांभाळते गं. त्यांनी माप घेतलं की मी पट्ट्याचं माप घ्यायच्या निमित्ताने पेशंटकडे जाते आणि सगळं पुन्हा मोजते. मापाच्या कार्डावर काही चुकलं असेल तर गुपचूप बदलते. त्यांना कळत नाही. कोणालाच कळत नाही."

"आणि तू नसलीस तर?"

तिने नजर चुकवली. मला तिथेच कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"ताई, तू तापाने पडली होतीस तेव्हा?"

"तेव्हाच तो पोस्टमन आला होता," ती म्हणाली आणि पदराने, नाक नव्हतं वाहत तरी, नाक पुसायला लागली.

पोस्टमनची गोष्ट मला ताईने आधी सांगितली होती, पण अर्धीच. ट्रकखाली पाय गेलेला माणूस, गुडघ्याखालून कापलेला. गुडघा शाबूत होता म्हणजे नशीबवान म्हणायचा, कारण गुडघा असला की माणूस जवळजवळ पहिल्यासारखा चालतो. त्याला परत वाटपावर जायचं होतं. नवा पाय मिळाला आणि त्याला जखम झाली. तो सांगायला आला, तर सगळ्यांनी त्याची समजूत काढली की नवा पाय सुरुवातीला चावतोच, तुम्ही घाई केलीत, जास्त चाललात. त्याने दात आवळून तो घातला. जखम चिघळली आणि शेवटी डॉक्टरांनी गुडघ्यासकट वरून पाय कापला. छोट्या मॅडमच्या कागदावर लिहिलं गेलं, पेशंटने सूचना पाळल्या नाहीत.

"पुसून टाक," ताईने माझा हात धरला. "उद्या मॅडमनी हे बघितलं तर त्या यांना एक दिवस ठेवणार नाहीत. काम गेलं तर हा माणूस महिन्याभरात संपेल, मला माहिती आहे. वर्षभर दे मला. मी एकही चूक बाहेर जाऊ देणार नाही. शपथ घेते."

"आणि पुन्हा तुला ताप आला तर?"

"नाही येणार."

माझी ताई, जिने आजवर कधी कोणाच्या झाडाचं फूल न विचारता तोडलं नाही, ती मला हे सांगत होती. मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम झालं म्हणून मी काहीच केलं नाही.

"काय कुजबुज चाललीय?" दाजी दारात उभे होते. आत येऊन त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. मी खिडकी बंद करायला हात उचलला, पण त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. या वेळा कसल्या?"

मी ताईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"फोल्डर केल्याच्या वेळा आहेत, दाजी."

ते वाकून वाचायला लागले. मापं वाचण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. आकड्यातून आकडा वजा करून किती उरलं हे त्यांना बोटं न मोडता कळायचं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि सांगते, तसं पुन्हा बघायची वेळ कोणावर येऊ नये. आधी कपाळाला आठी. मग ओठ हलले. मग सगळा चेहरा मोकळा पडला, जसा झोपलेल्या माणसाचा असतो.

"हे मी केलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एका सकाळी इतक्यांदा?"

"हो, दाजी."

"मला एकदाच केल्याचं आठवतंय," ते म्हणाले. मग ताईकडे वळले. "तू पट्ट्याचं माप फार घेतेस हल्ली. मी म्हणतच होतो."

ताई रडायला लागली. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून मला म्हणाले, "पोस्टमनचा दिवस काढ."

मी नको म्हणून पाहिलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता. काढला. त्या दिवशीचे थर उलगडले. सकाळी पोस्टमनचं माप भरलं होतं, आणि बरोबर भरलं होतं. त्यानंतर त्यांनी पुन्हा नवा दिवस उघडला. नवं फोल्डर रिकामंच दिसणार. त्यांना वाटलं असणार की माप भरायचं राहिलं. टेबलावर जे कार्ड होतं त्यावरून त्यांनी ते पुन्हा भरलं. पण टेबलावरचं कार्ड तोवर पुढच्या पेशंटचं होतं, एका वाळक्या म्हाताऱ्याचं. पोस्टमनच्या नावाने म्हाताऱ्याचं माप यंत्रात गेलं आणि यंत्राने इमानेइतबारे वाटी कापून दिली.

दाजी खुर्चीत बसले. "वाटी अरुंद होती," ते म्हणाले. "तो सांगत होता. मी त्याला म्हटलं, मर्दासारखा मर्द आणि एवढ्याशाला ओरडतोस काय."

"दाजी, तुम्ही आजारी आहात. तुमचा काय दोष?" मी म्हटलं.

"दोष कोणाचा ते नंतर बघू. आत्ता त्याचा धरलाय ना? जास्त चालला म्हणून? तो आधी काढायला हवा." त्यांनी मला फोनकडे बोट दाखवलं. "लाव मॅडमना. आत्ता लाव. संध्याकाळपर्यंत मला हे लक्षात राहील की नाही, सांगता येत नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी तिला कधी बोलून दाखवणार नाही. मी फोन लावला.

मॅडम आल्या. दाजींनी उभं राहून सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, एखाद्या पेशंटला पायाचा आजार समजावून सांगावा तसं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रागावल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, उद्यापासून तुम्ही आराम करा." मग मला म्हणाल्या, पोस्टमनच्या मापांची एक प्रत मला द्या आणि बाकी रिकामं करा. पोस्टमनच्या नावावरचा ठपका त्यांनी त्याच आठवड्यात खोडला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

ते फोल्डर मी दुसऱ्या दिवशी पुसलं. सगळी मापं बाहेर काढली, मधून तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला एकाक्षरी नाव दिलं आणि एकेक उडवत गेले. यंत्राने कुठेही हट्ट केला नाही. शेवटचा तुकडा गेला तो पहिल्या दिवसाचा, ज्यात दाजींनी सरावासाठी स्वतःच्याच पायाचं माप भरलं होतं. मी ते ठेवून घेतलं असतं, पण ठेवून कोणाला दाखवणार?

त्याच दिवशी दाजी ताईला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. पोस्टमन पलंगावर होता, त्याची बायको उशाशी. दाजींनी हात जोडले आणि म्हणाले, तुमचा गुडघा माझ्यामुळे गेला. पोस्टमनने हाताला लागेल ते फेकलं. पेला, ताट, पाण्याची बाटली. नको नको ते बोलला. त्याच्या बायकोने ताईला दाराबाहेर ढकललं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, खाली वाकून पेला उचलून ठेवला आणि घरी आले. ताई सांगते, त्या रात्री ते शांत झोपले.

चारदोन दिवसांनी दाजी शर्ट घालून दारात. "कुठे निघालात?" ताईने विचारलं. "पोस्टमनकडे. अजून मी त्याला भेटलोसुद्धा नाही. लाज वाटायला हवी." ताईने सांगितलं, तुम्ही जाऊन आलात. त्यांनी विश्वास ठेवला नाही. तिला वाटलं असेल एकदा जाऊ द्यावं. गेले. तेच हात जोडणं, तेच वाक्य. पोस्टमनला वाटलं हा माणूस वेड घेऊन पेडगावला निघालाय, आणि तो आणखीच भडकला. तिसऱ्या वेळी तो गप्प राहिला. चौथ्या वेळी त्याने ताईला बाजूला बोलावून विचारलं आणि तिने सगळं सांगितलं.

दाजींच्या डोक्यातून काय काय निसटत गेलं. मधल्या भावाचं नाव गेलं, आंघोळीचं पाणी गरम असतं हे गेलं. मी कोण हेसुद्धा हळूहळू गेलं. मेहुणीबाई म्हणणारं आता कोणी नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण पोस्टमनचा गुडघा जाईना. माफी मागितल्याचं पुसलं जायचं, गुन्हा तेवढा राहायचा. पोस्टमनने त्यांना माफ केलं, स्वच्छ शब्दांत, हात हातात घेऊन. दाजी रडले, मोकळे झाले, आणि आठवडा जायच्या आत पुन्हा शर्टाची बटणं लावत दारात.

मी एकदा पोस्टमनकडे गेले, आमच्या घरच्या त्रासाबद्दल क्षमा मागायला. तो घरी आला होता. माणूस हडकुळा झालेला, पण बोलायला मोकळा. म्हणाला, "अहो, त्रास कसला? पण एक सांगू का? माझा पाय एकदाच गेला हो. त्यांच्या हातून तो रोज जातोय. हे बघवत नाही." मग म्हणाला, "मी येतो तुमच्याकडे. नवा पाय मिळाला की येतो."

आला. कारखान्यातच नव्या माणसाने केलेला पाय होता, मांडीपासूनचा. गुडघा नसताना असा पाय चालवणं म्हणजे दर पावलाला दार ढकलून उघडण्यासारखं असतं. तो आमच्या ताईच्या जिन्याने एकेक पायरी चढला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. दारातच त्याने मला आणि ताईला खूण केली, मी बोलतो, तुम्ही मध्ये पडू नका.

दाजी खिडकीशी बसले होते. पोस्टमन त्यांच्यासमोर गेला आणि हसून म्हणाला, "मिस्त्री, ओळखलंत का? तुम्ही पाय दिला होतात. मस्त बसलाय बघा. काही त्रास नाही. तेच सांगायला आलो."

ठरवून आणलेलं खोटं होतं ते. दाजींनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, काही ओळख लागली नाही. मग नजर खाली गेली. "जरा चालून दाखवा," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी आम्ही त्यांचा कामावरचा आवाज ऐकला.

पोस्टमन आमच्याकडे बघून कसनुसा हसला. मग खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला आणि परत आला. जमेल तितकं सरळ चालला. दाजींची मान त्याच्या पायाबरोबर फिरत होती.

"हा पाय मी दिलेला नाही," ते म्हणाले. "एवढा वरून कापायची काय गरज होती? तुमचा गुडघा कुठे गेला?"

ताईने दाराची चौकट धरली होती.

"कोणीतरी आधी वाटी चुकवली असणार," दाजी पुढे वाकले, त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. "अरुंद केली असणार. मग जखम, मग चिघळणं, मी पुष्कळ पाहिलंय. कोणी घेतलं होतं माप? त्याला काढायला सांगा कामावरून. असली माणसं ठेवतातच कशाला?"

पोस्टमनने खुर्ची ओढली आणि हळूच तिच्यात बसला.

"काढलं त्याला," तो म्हणाला.

"बरं केलं," दाजी म्हणाले आणि पाहुण्यासाठी चहा टाक म्हणून ताईला हाक मारली.